मायोफेशिअल रिलीज: हात कुठे ठेवायचा, जोर किती लावायचा आणि कधी थांबायचं

स्नायुबंध | ६ ऑगस्ट, रात्री ९.४०

मानदुखीच्या धाग्यावर ‘गाठी फोडून घ्या’ हा सल्ला तीन-चारदा आला. तिथे विषयांतर नको म्हणून मायोफेशिअल रिलीजवर, म्हणजे स्नायू आणि त्याभोवतीचा फेशिया सावकाश दाबून-ओढून मोकळा करण्याच्या हाताच्या कामावर, हा वेगळा धागा काढतो आहे. फिजिओथेरपी करणारे, शिकणारे आणि मालिश व्यवसायातले लोक इथे आहेत, त्यामुळे हाताच्या कामाबद्दल मोजूनमापून बोलू या.

आधी फेशिया म्हणजे काय ते. मटण साफ करताना मांसावरून जो पांढरा, चिवट पापुद्रा निघतो तो फेशिया. आपली पुस्तकं त्याला प्रावरणी म्हणतात. हा पापुद्रा स्नायूला बाहेरून गुंडाळतो, आत शिरून तंतूंचे जुडगे वेगळे करतो आणि एका स्नायूवरून दुसऱ्यावर जातो. त्याच्या थरांमध्ये हायलुरोनान नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, त्याच्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात.

उदाहरणाला नेहमीचीच जागा घेतो: मान आणि खांदा यांच्यामधला उतार. इथे दोन स्नायू लोक एकात एक करतात. वरचा ट्रॅपेझिअस चिमटीत धरता येतो. तो दुखला तर कळ मानेच्या मागच्या बाजूने वर चढून कानशिलात जाते. लेव्हेटर स्कॅप्युली त्याच्याखाली खोल असतो आणि पाखोट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला चिकटतो. तो आखडला की त्याच बाजूला मान वळवताना अडते. रिक्षातून मागे पाहायला माणूस अख्खं धड वळवतो, तेव्हा बहुधा हाच.

काम सुरू करण्याआधी मोजमाप. पेशंटला ताठ बसवा, मान एका बाजूला पूर्ण वळवायला सांगा आणि हनुवटी व खांद्याचं टोक यांत किती बोटं अंतर उरतं ते लिहून ठेवा. मग दुसरी बाजू. हे न करता हात लावला तर नंतर ‘बरं वाटतंय’ याखेरीज हातात काही राहत नाही.

ट्रॅपेझिअससाठी पेशंट उताणा. दंडाखाली उशी, कान थोडा त्याच खांद्याकडे झुकलेला, म्हणजे स्नायू सैल पडतो. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत स्नायू त्याच्याखाली असलेल्या फासळ्यांपासून किंचित उचला आणि तंतूंना आडवं सरकत ताठ दोरी शोधा. त्या दोरीवर एक बिंदू दाबला की पेशंट म्हणतो, ‘हेच ते, हेच कानशिलात जातं.’ ही ओळख पटणं महत्त्वाचं. नुसतं दुखणं पुरेसं नाही, कारण तिथे दाबलं तर कुणालाही दुखतं.

जोर हळूहळू वाढवायचा. दहापैकी पाच-सहा दुखेल इतका, त्यापुढे नाही. तिथे थांबायचं. ३० ते ६० सेकंदांत दुखणं दोन-तीनवर यायला हवं. आलं की बोट आपोआप थोडं आत जातं, मग पुन्हा थांबायचं. ९० सेकंदांनंतरही कमी झालं नाही तर ती जागा सोडा. एकतर जोर जास्त आहे, नाहीतर जागा चुकली आहे, नाहीतर हे दुखणं स्नायूचं नाहीच.

लेव्हेटरसाठी पेशंट कुशीवर, दुखरी बाजू वर, हात उशीवर. पाखोट्याच्या कोपऱ्याच्या एक-दोन सेंटिमीटर वर बोटाचं पेर टेकवा आणि पेशंटलाच मान सावकाश पलीकडच्या बाजूला वळवायला सांगा. पाच-सहा वेळा. इथे हलायचं काम पेशंटचं, आपण फक्त टेकून राहायचं.

एका बैठकीत तीन जागा. फार तर चार. पंधरा जागा दाबल्या तर दुसऱ्या दिवशी माणूस उठताना कण्हतो आणि नेमका कशाने फरक पडला तेही कळत नाही.

---

मर्दनकार | ६ ऑगस्ट, रात्री १०.२५

फार उपयोगी लिहिलंत. एक विचारतो. तेल लावायचं की नाही? आमच्याकडे तिळाच्या किंवा नारायण तेलाशिवाय हात लावतच नाहीत. कोरडा हात लावला तर गिऱ्हाइकाची कातडी ओढली जाते, ते तक्रार करतात.

---

स्नायुबंध | ६ ऑगस्ट, रात्री १०.५०

मर्दनकार, कातडी ओढली जाणं हाच इथे उद्देश आहे, फक्त ती हळू ओढली गेली पाहिजे. मालिशमध्ये हात कातडीवरून घसरतो. मायोफेशिअल कामात हात कातडीला धरून राहतो आणि कातडीखालचे थर सरकवतो. तेल असेल तर पकड सुटते आणि पकडीसाठी आपण नकळत जोर वाढवतो. म्हणून तेलाचं काम वेगळ्या दिवशी, किंवा त्याच बैठकीत शेवटी.

कमरेवरचं दोन हातांचं काम करून पाहा. पेशंट पालथा, पोटाखाली पातळ उशी. एक तळवा शेवटच्या फासळ्यांवर, दुसरा माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर, हात एकमेकांना छेदणारे. आधी सरळ खाली टेका आणि कातडीखालचा मऊ थर ओलांडून पहिला अडसर लागेल तिथे थांबा. मग दोन्ही हात विरुद्ध दिशांना किंचित झुकवा. ढकलायचं नाही, शरीराचं वजन टेकवायचं. पहिली दीड-दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. सगळे तिथेच हात उचलतात, आणि तीच सगळ्यात मोठी चूक. तीन ते पाच मिनिटं द्या. तळव्याखाली ऊब आणि सरक जाणवेल.

तक्रार येते ती बहुधा वेगामुळे. नखं कापलेली, हात गरम, पेशंटची कातडी घामाची असेल तर आधी कोरड्या फडक्याने पुसलेली, एवढं पाळलं तर ओढ बोचत नाही.

---

प्रांजळ | ७ ऑगस्ट, सकाळी ७.१५

पद्धतीला माझा आक्षेप नाही, स्पष्टीकरणाला आहे. ‘फेशिया ताणून लांब होतो’, ‘चिकटलेलं सुटतं’ असं पेशंटला सांगितलं जातं. २००८ साली मांडीच्या बाहेरच्या फेशियाचं आणि तळपायाच्या फेशियाचं गणिती मॉडेल प्रसिद्ध झालं. त्यांचा आकार एक टक्का बदलायलासुद्धा माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. नाकातला मऊ फेशिया थोडा वाकेल, मांडीचा नाही.

ट्रिगर पॉइंटचंही, म्हणजे दाबल्यावर दुसरीकडे कळ पाठवणाऱ्या स्नायूतल्या बिंदूंचंही, तसंच. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी वेदना कुठून कुठे जाते याचे नकाशे मांडले, ते काम मोठं आहे. पण दोन अनुभवी हातांना एकाच पेशंटमध्ये तोच बिंदू सापडेल याची खात्री कमी, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मग आपण दाबतो कशावर?

---

स्नायुबंध | ७ ऑगस्ट, दुपारी १.३०

प्रांजळ, मुद्दा पूर्ण मान्य. ‘गाठ फुटते’ हे वाक्य मीही काढून टाकावं याच मताचा आहे. तिथे फुटणारं काही नाही. फोडायच्या नादात कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुटतात, निळं वळ उठतं आणि लोक त्याला ‘विष बाहेर आलं’ म्हणतात.

मग होतं काय? दोन गोष्टी पटण्यासारख्या आहेत. एक, सावकाश दाब आणि ओढ यांना त्वचेतले व फेशियातले संवेदक प्रतिसाद देतात, मज्जासंस्था स्नायूचा ताण उतरवते आणि वेदनेचा उंबरठा काही काळ वर जातो. दोन, हलवणं आणि ऊब यांनी थरांमधला हायलुरोनान पातळ होतो, सरक सुधारते. दुसरी गोष्ट अजून पूर्ण सिद्ध नाही.

याचा व्यवहारात अर्थ सरळ आहे. परिणाम मज्जासंस्थेमार्फत होत असेल तर जोर वाढवून फायदा नाही. उलट पेशंट श्वास रोखतो, पायाची बोटं आवळतो, खांदा वर चढवतो. यातलं एकही चिन्ह दिसलं की जोर निम्म्यावर आणायचा. शिवाय हा बदल टिकाऊ नसतो. तो काही तासांचा, कधी एक-दोन दिवसांचा असतो. त्या वेळात स्नायूला वजन दिलं नाही तर पुढच्या आठवड्यात तोच माणूस तीच तक्रार घेऊन येतो.

मानेसाठी माझा आग्रह खांदे उचलण्याच्या व्यायामाचा. दोन्ही हातांत पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या, खांदे सरळ वर कानांकडे, दोन सेकंद थांबून सावकाश खाली. १०-१२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. दोन आठवड्यांनी वजन वाढवा. ‘दुखरा स्नायू आहे, त्याला आराम द्या’ हा सल्ला इथे उलटा पडतो. ट्रॅपेझिअस थकतो म्हणून दुखतो, त्याला ताकदच लागते.

---

पायवाट | ७ ऑगस्ट, रात्री ८.०५

टाचेबद्दल माझ्याकडून. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेच्या आतल्या बाजूला खिळा टोचल्यासारखं दुखतं, चार पावलं चाललं की कमी होतं. हे तळपायाच्या फेशियाचं दुखणं. लोक थेट टाचेवर अंगठा रोवतात. तिथे आधीच चिडलेल्या जागेला आणखी चिडवणं होतं.

काम पोटरीत करा. तिथला सोलिअस हा खोल स्नायू टाचेत कळ पाठवतो. पेशंट पालथा, गुडघा ९० अंशांत वाकवलेला, पावलाचा तळ छताकडे. गुडघा वाकला की वरचा मोठा स्नायू ढिला पडतो आणि सोलिअस हाताला लागतो. दोन्ही अंगठे मधोमध न ठेवता पोटरीच्या दोन्ही कडांनी आत घाला. पेशंटला घोटा सावकाश खाली-वर करायला सांगा, आठ-दहा वेळा. मग दोन सेंटिमीटर खाली सरका. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात बोटं घालू नका, तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते.

उकिडवं बसता न येणाऱ्यांमध्येही हेच काम आधी करून पाहतात. मोजमाप भिंतीपाशी: पाऊल भिंतीकडे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा भिंतीला टेकेल इतकं पाऊल मागे न्या. अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. दोन पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर तो घोटा कडक. पोटरीचं काम झाल्यावर लगेच पुन्हा मोजा. अंतर वाढलं तर अडसर स्नायूत होता. काहीच वाढलं नाही आणि पेशंट म्हणतो की घोट्याच्या पुढच्या बाजूला हाडात अडतं, तर पोटरी चोळत बसू नका, तो सांध्याचा प्रश्न आहे.

रिलीजनंतर टाचदुखीला वजनाचा व्यायाम लागतोच. पायरीवर चवडे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला जेमतेम १२ वेळा जमेल इतका भार, तीन फेऱ्या, दिवसाआड. पुढे पाठीवर दप्तरात पुस्तकं भरून भार वाढवायचा आणि आवर्तनं दहा, मग आठ करायची. याला तीन महिने द्यावे लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत सोडून देणारे फार, म्हणून पहिल्याच दिवशी ही मुदत पेशंटला सांगा.

---

मेघमल्हार०७ | ७ ऑगस्ट, रात्री ९.३०

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. खुब्यातून पायाच्या बाहेरच्या कडेने घोट्यापर्यंत कळ जाते, एमआरआयमध्ये मणक्यात फारसं काही नाही, तरी सगळे सायटिका म्हणतात. हे स्नायूचं की नसेचं, टेबलावर कसं ओळखायचं?

---

पायवाट | ७ ऑगस्ट, रात्री १०.४०

उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचला. मागे ओढ लागली तिथे किंचित खाली आणा आणि तो पाय तसाच धरून पेशंटला फक्त मान उचलायला सांगा. पायातली ओढ मानेने वाढली तर तिथे नस गुंतलेली आहे. मांडीच्या स्नायूला मानेचं काय कळणार? घोटा वाकवून केलेली हीच तपासणी थोडी फसवी, कारण त्याने पोटरीही ताणली जाते. त्यासोबत बोटांची व घोट्याची ताकद, स्पर्श आणि टाचेमागच्या कंडरेवर ठोकल्यावर पावलाला येणारा झटका तपासा.

हे सगळं साफ असेल तर ग्लुटिअस मिनिमस हा खुब्याच्या बाजूचा खोल स्नायू बघा. त्याची कळ हुबेहूब सायटिकासारखी पायाच्या बाहेरून उतरते. पेशंट कुशीवर, गुडघ्यांत उशी. कमरेच्या हाडाची कडा आणि खुब्याचं बाहेरचं हाड यांच्या मधल्या पट्ट्यात कोपराखालचा सपाट भाग टेकवा, टोक नाही. खोल आहे, म्हणून सावकाश. मात्र खुब्याचं हाड आणि बसायचं हाड यांच्या मध्यावर कोपर टेकवू नका, तिथून सायटिक नस जाते. पावलात मुंग्या आल्या की तत्काळ जागा बदला. मुंग्या येणं म्हणजे ‘लागू पडतंय’ असं समजणारे बरेच भेटतात. तो नसेवरचा दाब असतो.

आणि मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर रोलर घासणं बंद करा. तो पट्टा मांडीच्या हाडाला लांबीभर बांधलेला आहे, तो लांब होत नाही. त्याला वरून ओढणारे स्नायू खुब्यापाशी आहेत, काम तिथे.

---

निदान_आधी | ८ ऑगस्ट, सकाळी ८.००

वैद्यकीय बाजूने काही गोष्टी जोडते. या चुकल्या तर बाकीचं कौशल्य वाया जातं.

एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी, विशेषतः ऑपरेशननंतर, प्लास्टर काढल्यानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर: हात लावू नका. शिरेत गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी.

पन्नाशीपुढच्या माणसाला नवीनच कानशिलाची डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळी होणं: ही ट्रॅपेझिअसची कळ समजून दाबत बसलात तर दृष्टी जाण्याचा धोका आहे. ती धमनीची सूज असू शकते, रुग्णालय तातडीने. त्याच वयात दोन्ही खांदे आणि दोन्ही मांड्या सकाळी पाऊण तासाहून जास्त आखडत असतील तर आधी रक्ताची तपासणी.

मानदुखीसोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, गिळायला किंवा बोलायला त्रास, चेहरा बधिर होणं: मानेला स्पर्श नाही. कंबरदुखीसोबत लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेचा बधिरपणा: थेट आपत्कालीन विभाग. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारणाशिवाय वजन घटणं, ताप, पूर्वी कर्करोग झालेला असणं: आधी डॉक्टर.

वॉरफेरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बरेच दिवस स्टिरॉइड, हाडांचा ठिसूळपणा असेल तर खोल दाब टाळा. मधुमेहींच्या तळपायाची संवेदना आधी तपासा. गोठवलेल्या बाटलीवर पाय फिरवायचा सल्ला त्यांना अजिबात नको.

मधुमेहींच्या खांद्याबद्दलही. त्यांच्यात फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडणं, अधिक दिसतो. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवताना तुम्ही फिरवलात तरी तिथेच अडत असेल तर अडसर सांध्याच्या पिशवीत आहे. स्नायू मोकळे केल्याने झोप सुधारेल, सांधा तेवढ्याने सुटणार नाही.

रोज नवी गाठ, सगळं अंग दुखतं, असं असेल तर थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या यांची चौकशी करा.

---

मर्दनकार | ८ ऑगस्ट, दुपारी ४.१०

हे सगळं छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. घरच्या घरी काय सांगावं? हल्ली सगळ्यांकडे ती धडधडणारी मसाज गन आहे.

---

स्नायुबंध | ८ ऑगस्ट, रात्री ९.००

टेनिसचा चेंडू गनपेक्षा बरा. तो पायमोज्यात घालायचा, मोजा खांद्यावरून मागे सोडायचा, पाठ भिंतीला टेकवून पाखोटा आणि कणा यांच्यामध्ये चेंडू धरायचा. भिंतीवर जोर हवा तितकाच देता येतो, जमिनीवर झोपलं की अख्खं वजन येतं. एका जागी एक मिनिट, दोन-तीन जागा, दिवसातून एकदा. कण्यावर आणि कमरेच्या वर बाजूंना, जिथे मूत्रपिंडं आहेत, तिथे नको. क्रिकेटचा चेंडू फार कडक.

कवटीच्या बुडासाठी दोन टेनिस चेंडू एका मोज्यात घट्ट बांधून उताणं झोपायचं. डोक्याचं वजन तीन ते पाच मिनिटं नुसतं टेकवायचं, मान फिरवायची नाही.

गन वापरायचीच तर सगळ्यात कमी वेगावर, मांडी आणि कुल्ल्याच्या जाड स्नायूंवर, एका स्नायूला एक-दोन मिनिटं. मानेच्या पुढे आणि बाजूला कधीच नाही.

काम झाल्यावर २४ ते ४८ तास हलकं ठणकणं चालतं. त्यापुढे टिकलं तर पुढच्या वेळी जोर आणि जागा दोन्ही कमी. आठवड्यातून एक-दोन बैठका, आणि चार बैठकांत बोटांनी मोजलेलं अंतर किंवा भिंतीपासूनचे सेंटिमीटर हलले नाहीत तर हे काम थांबवून पेशंटला पुन्हा पहिल्यापासून तपासा.

---

मेघमल्हार०७ | ८ ऑगस्ट, रात्री ९.४५

सुयांबद्दल? ड्राय नीडलिंगचे, म्हणजे औषधाविना बारीक सुया स्नायूत टोचण्याचे, दोन दिवसांचे वर्ग बरेच निघाले आहेत.

---

निदान_आधी | ८ ऑगस्ट, रात्री १०.२०

ट्रॅपेझिअसच्या खाली फुप्फुसाचं टोक आहे. सूय खोल गेली तर छातीत हवा भरते. धाप आणि छातीत टोचणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं, तेव्हा पेशंट घरी पोहोचलेला असतो. शरीररचना पाठ असलेल्या, नोंदणीकृत माणसानेच, स्नायू चिमटीत उचलून, बऱ्याच देखरेखीखालच्या सरावानंतर. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते, नोंदणी क्रमांक विचारायला पेशंटने संकोचू नये.

---

मर्दनकार | ९ ऑगस्ट, सकाळी ६.५०

शेवटचं एक. दिवसाला आठ-दहा माणसं केली की करणाऱ्याच्या अंगठ्याचं बूड ठणकतं. त्यावर काय?

---

स्नायुबंध | ९ ऑगस्ट, सकाळी ७.३०

अंगठा शोधायला वापरा, दाबायला नाही. बिंदू सापडला की तिथे मुठीची पेरं, कोपराखालचा सपाट भाग किंवा एकावर एक ठेवलेली दोन बोटं आणा. अंगठा वापरावाच लागला तर त्याचं टोक मागे वाकू देऊ नका, सरळ रेषेत ठेवा आणि बाजूला मूठ टेकवून त्याला आधार द्या. टेबल उंच असेल तर खांद्याने ढकलावं लागतं. सरळ उभं राहून हात सोडल्यावर मुठीची पेरं टेबलाला लागतील इतकी उंची ठेवा, एक पाय पुढे, एक मागे, आणि मागच्या टाचेवरून वजन पुढे सोडा. अंगठ्याचं बूड सकाळी उठल्यावरही दुखत असेल तर आठवडाभर फक्त दोन हातांचं आणि कोपराचं काम घ्या.